पेपिकच्या हातातली काठी

"पाणी घाण आहे," लुबोमिर ह्रुबेश म्हणाला.

हा अ‍ॅमस्टरडॅमबद्दलचा त्याचा शनिवारचा निकाल. गुरुवारचा निकाल होता, "घरं वाकडी आहेत." शुक्रवारचा, "सायकली फार झाल्यात." बसमधली बाकीची चाळीस माणसं तोंडाचा आ करून बघत असायची आणि हा गृहस्थ दोन्ही हात पाठीमागे बांधून, पोट पुढे काढून, शहर तपासायचा. तपासायचाच. जणू हे शहर कोणीतरी ट्रकमधून आणून त्याच्या गोदामाच्या दारात उतरवलंय आणि आता सही करून माल आत घ्यायचा की परत पाठवायचा, एवढंच काय ते त्याला ठरवायचंय.

माल परत.

होर्नी लिप्ना गावच्या नगरपालिकेच्या गोदामात ह्रुबेश चौतीस वर्षं स्टोअरकीपर होता. गोदामातून काही बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढीच त्याची नोकरी आणि एवढंच त्याचं कर्तृत्व. शाळेचा शिपाई बल्ब मागायला आला की हा विचारायचा, "जुना कुठाय?" जुना दाखवला की, "हा गेला कसा?" कसा गेला ते सांगितलं की, "मग अंधारात तुला दिसलं कसं?" आणि शेवटी हनुवटी गळ्यात रुतवून, नाकातून एक लांब सुस्कारा सोडून म्हणायचा, "बघू. सोमवारी." सोमवारी गोदाम बंद असे. लिप्नातली पोरं अजून त्याची ही नक्कल करतात, आणि करायला फार सोपी आहे. हनुवटी आत घ्यायची, आणि डोक्यात काहीही येऊ द्यायचं नाही.

त्याची बायको मिलुशे त्याच्या मागे दोन पावलं चालत होती, कारण शेजारून चाललं तर त्याची मतं थेट कानात पडतात. मुलगी झाल्यापासून त्याने बायकोला नावाने हाक मारली नव्हती. तो तिला 'आई' म्हणे आणि ती त्याला 'बाबा'. मुलगी इवोना आता चव्वेचाळीस वर्षांची होती, लांब शहरात राहत होती, पण ही दोघं अजून एकमेकांचे आईबाप.

मिलुशेने एकतीस वर्षं गावच्या चिनीमातीच्या कारखान्यात बशा रंगवल्या होत्या. पांढऱ्या बशीवर निळी नक्षी. कडेने फुलं, मधोमध पूल, पुलाखाली पाणी, आणि काठावर एक टोपीवाला बुटका माणूस, आपल्याकडे अर्धी पाठ करून, मासे धरतोय. रंगवणाऱ्या बायकांनी त्याचं नाव ठेवलं होतं पेपिक. टोपीचे दोन फटकारे, पाठीचा एक, वाकवलेल्या कोपरांचे दोन, पायांचे दोन. मग श्वास रोखायचा आणि एकच बारीक, बाकदार फटकारा थेट पाण्यापर्यंत, ती काठी. दिवसाला साठ पेपिक. मिलुशेची काठी सगळ्यांत सुबक उतरायची. कारखान्यात पाहुणे आले की तिला पुढच्या टेबलावर बसवत, आणि सीमेपलीकडून येणाऱ्या जर्मन गिऱ्हाइकांशी दोन शब्द बोलता बोलता तिची त्यांची भाषाही कामापुरती तयार झाली होती.

पण पेपिकमध्ये एक खोट होती, आणि ती सगळ्याजणींना ठाऊक होती. त्याचे हात दिसत नसत. काठी त्याच्या कोपराआडून कुठून तरी उगवायची. तिला गळ नाही, दोरी नाही, टोकाला मासा नाही. नवी आलेली प्रत्येक पोरगी पहिल्या आठवड्यात विचारायची, "मास्तर, ह्याने काठी धरलीय कशाने?" नक्षीखात्याचे म्हातारे मास्तर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "अ‍ॅमस्टरडॅमला जा आणि त्यालाच विचार. तिथल्या म्युझियममधल्या टाइलवरून उचललाय त्याला. तोवर रंगव."

मास्तर गेले. कारखाना बंद पडला. रंगवणाऱ्यांपैकी चौघी उरल्या, आणि दर गुरुवारी कॉफीला बसल्या की अजून वाद घालत. एक म्हणायची, काठी बगलेत धरलीय. दुसरी म्हणायची, पट्ट्यात खोचलीय. मिलुशे काही म्हणायची नाही. गेल्या वसंतात तिच्या उजव्या डोळ्याच्या मधोमध एक राखी डाग बसला आणि डॉक्टरांनी सांगितलं, डावाही त्याच वाटेने निघालाय, वर्ष-दीड वर्षात बारीक रेघा दिसायच्या बंद होतील. त्याच आठवड्यात तिने इवोनाला फोन केला आणि जन्मात पहिल्यांदा लेकीकडे काहीतरी मागितलं. इवोनाने बसची सहल आणि म्युझियमची दोन तिकिटं, दोन्हीची सोय केली. दोन कशाला? कारण बाबाला घरी एकटं ठेवलं तर तो शेजाऱ्यांना छळतो.

तिकिटांवर वेळ घातलेली असते. ह्यांची होती शुक्रवारी दुपारी दोनची, आणि ती ह्रुबेशने घालवली. घालवली ती सॉसेजमुळे.

परदेशात जेवायचं म्हणजे लुटून घ्यायचं, हे त्याचं ठाम मत. त्यामुळे सुटकेसमध्ये चोवीस श्नित्सेल होते. पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेले डुकराचे काप, चंदेरी कागदात गुंडाळून, वर त्याच्या गोदामी अक्षरात 'गुरुवार दुपार', 'गुरुवार रात्र'. श्नित्सेलचा कंटाळा आला तर सॉसेज, आणि सॉसेज उकडायला खोलीतली चहाच्या पाण्याची विजेची किटली. शुक्रवारी हॉटेलवाल्याने दार ठोठावलं. किटलीतून तिसऱ्या मजल्यापर्यंत डुकराचा वास जातोय, अशी तक्रार होती. दुसऱ्या कोणी शरमेने खाली बघितलं असतं. हा हॉटेलवाल्याला किटलीच्या झाकणाचा व्यास आणि सॉसेजची लांबी ह्यांतला संबंध समजावत बसला. दीड तास. दोनाचे साडेतीन वाजले.

बसबरोबरची गाईड स्तेपांका हिने मग म्युझियममध्ये जाऊन हातापाया पडून वेळ बदलून आणली. रविवार, सकाळी दहा. दुपारी एकला बस सुटणार. म्हणजे आता ही शेवटची संधी.

स्तेपांका तिशीची, पिवळी छत्री उंच धरून चालणारी, आणि तिला जगातली प्रत्येक गोष्ट गोडुली वाटायची. "आणि आता, माझ्या सोन्यांनो, सगळ्यांनी छत्रीकडे बघा! छत्रीच्या मागे काय आहे? एक छोटासा, गोडुला पूल! आणि पुलाच्या मागे? अजून एक गोडुला पूल!"

"किती टनांचा?" ह्रुबेशने विचारलं.

"काय, ह्रुबेश काका?"

"भार. भार किती टन सोसतो?"

"ते... ते मी बघून सांगते."

"लिप्नाच्या धरणावरचा बारा टन सोसतो," ह्रुबेश म्हणाला आणि आजूबाजूला बघितलं, कोणी टाळ्या वाजवतंय का. कोणी वाजवत नव्हतं.

त्याच शनिवारी दुपारी त्याला लागली. घरी नळ उघडा राहिल्यासारखी घाईची पावलं टाकत तो सार्वजनिक शौचालयापर्यंत गेला, दारावरची पाटी वाचली आणि परत आला.

"पैसे मागतात!"

"मग दे," मिलुशे म्हणाली.

"मुतायला?"

"बाबा, हळू बोल."

"कशाला हळू? कोणाला कळतंय इथे! अडुसष्ट वर्षं मी फुकट मुतलो, आई, आणि आता ह्या सायकलवाल्यांना पैसे भरू? तो नकाशा उघड. उघड, पूर्ण उघड. आणि तिथे उभी राहा."

कालव्याच्या काठाला एक जाड बुंध्याचं झाड होतं, त्याला आठ-दहा सायकली टेकवलेल्या. तो झाड आणि सायकलींच्या मधे शिरला. मिलुशे अ‍ॅमस्टरडॅमचा अख्खा नकाशा चादरीसारखा दोन हातांत ताणून रस्त्याच्या बाजूने आडोसा धरून उभी राहिली. रस्त्यावरून काहीच दिसत नव्हतं. पाण्याच्या बाजूने मात्र आडोसा नव्हता, आणि पुलाखालून काचेच्या छपराची, पर्यटकांनी गच्च भरलेली होडी बाहेर आली. साठ माणसं. पहिल्या रांगेतल्या एका पोराने हात हलवला. मग सगळ्या होडीने हलवला. ह्रुबेशला थांबताही येईना आणि हात हलवायला मोकळा हातही नव्हता. टोपी डोक्यावर, पाठ वाकलेली, दोन्ही कोपरं बाहेर, तसाच तो होडी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला.

"असभ्य लोक," तो बाहेर येऊन म्हणाला. "बघतात!"

त्या संध्याकाळी पलंगावर टॉवेल पसरून त्यांनी 'शनिवार रात्र' सोडली.

"उद्या दहा वाजता," मिलुशे म्हणाली.

"ठाऊक आहे."

"म्हणजे साडेनऊला निघायचं. नऊलाच निघू."

"आई, वेळेचं मला शिकवू नकोस."

"माझं तिकीट माझ्याकडे दे ना."

ह्रुबेशने छातीवर थोपटलं. शर्टाच्या आत, गळ्यात दोरीने अडकवलेल्या पाकिटात पासपोर्ट, विम्याचे कागद, तिकिटं, सगळं होतं. हे पाकीट तो आंघोळीला जातानाही काढत नसे, फक्त पाठीवर फिरवून घेई.

"हरवशील."

"एकतीस वर्षांत एक बशी फुटली नाही माझ्या हातून."

"बशी वेगळी, कागद वेगळा." त्याने श्नित्सेलचा तुकडा तोंडात कोंबला. "आणि मी म्हणतो, टाइलमध्ये बघायचं काय? टाइल ती टाइल. आपल्या न्हाणीघरात मी स्वतः बसवल्यात."

"त्यांतल्या दोन पडल्या."

"भिंतीचा दोष," ह्रुबेश म्हणाला.

रविवारी ती दोघं खरोखर नऊला निघाली. मिलुशेने निळा ब्लाउज घातला होता, कारखान्याच्या निरोपसमारंभातला. आदल्या आठवड्यात पाऊस पडून गेला होता आणि आता कोवळं ऊन होतं. म्युझियमची वाट एका बागेतून जात होती. जुने ओक, मधे दोन-चार पाइन, खाली ओलं गवत, तळ्यात बदकं. पंधरा मिनिटांची बाग. मिलुशे दोन पावलं मागे नव्हती, आज ती चार पावलं पुढे होती. म्हणून मागचे बूट वाजायचे थांबले तेव्हा तिला लगेच कळलं.

तिने वळून बघितलं. ह्रुबेश वाटेच्या कडेला स्तब्ध उभा होता. नाकपुड्या फुललेल्या. मग हा माणूस, ज्याने चार दिवसांत चर्च, राजवाडा, कालवे, पवनचक्की, ह्यांतल्या एकाही वस्तूला 'बरी' म्हटलं नव्हतं, तो गवतात शिरला, पाइनखाली हळूच गुडघ्यांवर बसला, डोक्यावरची टोपी काढली आणि कापऱ्या आवाजात म्हणाला,

"आई. ये. बघ."

अळंब्या होत्या. भाजलेल्या पावासारख्या तपकिरी टोप्यांच्या, जाड देठांच्या, लठ्ठ, घट्ट अळंब्या. एक-दोन नाहीत. पाइनच्या भोवती, त्याच्या पुढच्या ओकखाली, थेट बाकड्याच्या पायापर्यंत. लिप्नाच्या रानात अशी एक सापडली तर माणूस गावभर मिरवतो आणि जागा बायकोलाही सांगत नाही. इथे लोक बाजूने पळत होते, कानात गाण्याची बोंडं खुपसून, आणि एकाचीही मान वळत नव्हती.

"आंधळे आहेत!" ह्रुबेशच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं. लग्नात नव्हतं, इवोना झाली तेव्हा नव्हतं, सासू गेली तेव्हा तर अजिबातच नव्हतं. "अगं, सगळे आंधळे आहेत! पिशवी दे!"

"पिशवी नाहीये."

"मग माझं जाकीट पसर!" खिशातला चाकू बाहेर आला होता. तो खिशात चाकूशिवाय चर्चमध्येही जात नाही. "हळू, हळू, ये माझ्या राजा... असा... आई, ही बघ! ही बघ, मान कशी आहे!"

"बाबा, साडेनऊ."

"पाचच मिनिटं."

पाच मिनिटांनी त्याने जाकीट भरलं आणि टोपी भरायला घेतली. तेवढ्यात एक उंच, पिकल्या केसांची बाई कुत्र्याला घेऊन आली आणि थांबली. तिने आधी आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं, ते ह्यांना कळत नाही म्हटल्यावर जर्मनमध्ये म्हणाली, "माफ करा, पण ह्या इथे बघण्यासाठी आहेत. सगळ्यांनी बघाव्यात म्हणून."

मिलुशेने नवऱ्याला सांगितलं.

"बघायला?" गुडघ्यांवरून ह्रुबेश गरजला. "अळंबी बघायला? खायची वस्तू बघत बसतात आणि बघायला काय ठेवलंय, तर टाइल! सांग तिला!"

मिलुशेने तिला ह्यातलं काही सांगितलं नाही. पावणेदहा झाले होते.

"बाबा, चल. ऊठ."

"अजून त्या ओकाखालच्या राहिल्यात."

"दहाची वेळ आहे. साडेदहानंतर आत घेत नाहीत."

"तुझ्या टाइल तीनशे वर्षं भिंतीवर आहेत ना? मग! त्या कुठे पळून चालल्यात? अळंबी आज आहे, उद्या किडे!"

"टाइल पळत नाहीत, बाबा," मिलुशे म्हणाली. "माझा डोळा पळतोय."

हे ती मोठ्याने म्हणाली नाही, पण स्पष्ट म्हणाली. कुत्र्याने मान वर केली. ह्रुबेशनेही मान वर केली, बायकोकडे बघितलं, तिच्या गळ्याकडे बघितलं आणि म्हणाला,

"तुझा स्कार्फ दे. स्कार्फात वीसेक मावतील."

मिलुशेने स्कार्फ काढला. तो गवतावर टाकला. मग ती त्याच्यासमोर वाकली आणि त्याच्या शर्टाच्या कॉलरमधून हात थेट आत घातला.

"ए! ए, हे काय? गार हात! आई, माझे हात भरलेत!"

"म्हणूनच," मिलुशे म्हणाली. तिने पाकीट बाहेर ओढलं, दोन तिकिटांतलं एक काढलं, दुसरं परत ठेवलं, चेन लावली आणि पाकीट त्याच्या छातीवर दोनदा थोपटलं, अगदी तो थोपटतो तसं.

"तुला रस्ता ठाऊक नाही! आई! तुला भाषा येत नाही!"

भाषा तिलाच येत होती. ती चालू लागली.

"आई! आई, थांब! आई!"

सगळी बाग बघायला लागली. एवढं 'आई' जगातल्या कोणालाही कळतं. कुत्रेवाली बाई काही पावलं मिलुशेबरोबर चालली आणि हळूच, फार सभ्यपणे तिने विचारलं, "तुमचा मुलगा का?"

"तसंच झालंय खरं," मिलुशे म्हणाली आणि पळत सुटली. एकाहत्तर वर्षांची बाई, निळा ब्लाउज घालून, बदकं उडवत.

दहा वाजून बारा मिनिटांनी ती आत होती.

टाइलची खोली छोटी होती आणि जवळजवळ रिकामी, कारण सगळी गर्दी पलीकडच्या मोठमोठ्या चित्रांपुढे सेल्फी काढत होती. छतापासून जमिनीपर्यंत निळं-पांढरं. जहाजं, कुत्री, दोरीवरच्या उड्या मारणारी पोरं, बरण्या घेतलेल्या बायका, एकेका टाइलवर एकेक. मिलुशेने उजवा डोळा मिटला आणि डाव्या डोळ्याने भिंतीला नाक लावून रांगेमागून रांग वाचायला सुरुवात केली. कोपऱ्यातला पहारेकरी, एक सडपातळ म्हातारा, दोन पावलं जवळ येऊन उभा राहिला.

खालून चौथी रांग. पूल. तिच्या मनगटाने आधी ओळखलं, डोळ्याने मागून. टोपीचे दोन फटकारे. पाठीचा एक. कोपरांचे दोन. कोणत्या तरी माणसाने, साडेतीनशे वर्षांपूर्वी, तिच्याच घाईने आणि तिच्याच कंटाळ्याने ओढलेले. पेपिक.

मग तिने काठी बघितली.

ती काठी नव्हती. ती कोपराआडून निघत नव्हती, चांगली बोटभर खालून निघत होती. आणि पाण्याला टेकायच्या आधी ती तुटत होती. आधी एक थेंब, मग दोन, मग तीन, आणि खाली पाण्यावर गोल गोल वर्तुळं. पेपिक मासे धरत नव्हता. पेपिकने काहीतरी धरलं होतं, पण ती काठी नव्हती.

मिलुशेच्या तोंडून आधी एक बारीक आवाज निघाला, किटलीची वाफ सुटावी तसा. मग दोन्ही हातांनी तोंड दाबूनही आवरेना. दिवसाला साठ! एकतीस वर्षं! लग्नाच्या आहेरात, पाद्रीबाबाच्या सूपखाली, नगराध्यक्षांच्या मेजवानीत. बावीस बशा तर तिने परदेशी पाहुण्यांसाठी सोनेरी कडेच्या केल्या होत्या. आणि श्वास रोखून! तो फटकारा ओढताना ती श्वास रोखायची! कारखान्याच्या कोण्या लाजाळू मालकाने कधीतरी थेंब पुसून काठी केली आणि चार पिढ्यांच्या बायका विचारत राहिल्या, ह्याने धरलीय कशाने.

पहारेकरी वाकला, तिच्या बोटाच्या दिशेने बघितलं आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता जर्मनमध्ये म्हणाला, "हो. साडेतीनशे वर्षं झाली. अजून झालेलं नाही त्याचं."

मिलुशेला जमिनीवर बसावं लागलं. डोळे पुसून तिने परत वर बघितलं. टोपी डोक्यावर, पाठ वाकलेली, दोन्ही कोपरं बाहेर. ही पाठ तिने नुसती रंगवली नव्हती. ही तिने काल पाहिली होती, नकाशाच्या मागे. मग तर तिला उठवायला पहारेकऱ्याला हात द्यावा लागला. उठल्यावर तिने त्याच्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि तिकिटाच्या पाठीवर सात फटकाऱ्यांत पेपिक काढला. मग श्वास न रोखता आठवा, आणि खाली थेंब. एक, दोन, तीन.

ती बाहेर आली तेव्हा ह्रुबेश पायऱ्यांवर बसलेला होता. भरलेलं जाकीट मांडीवर, भरलेली टोपी एका बाजूला, भरलेला स्कार्फ दुसऱ्या बाजूला. दारावरच्या माणसाने त्याला सांगितलं होतं, हे गाठोडं सामानघरात ठेवा आणि आत जा. हा ठेवेना. चोरतील म्हणे. ज्या देशात त्या पायाखाली तुडवतात, तिथे ह्याच्या अळंब्या चोरतील!

"झालं?" तो म्हणाला. "आता धर ही टोपी. बसपर्यंत सरळ धर, दाबू नकोस."

बसपाशी त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण त्याची वाट बघत होता. सहलीची चाळीस माणसं सामान लावत उभी होती. ह्रुबेशने बसच्या पायरीवर जाकीट उलगडलं, आणि चाळीसही जण, ज्यांनी चार दिवसांत त्याला एक शब्द विचारला नव्हता, ते धावले.

"देवा रे! कुठे मिळाल्या?"

"शहरात? रस्त्यावर?"

"अय्या, काय गोडुल्या अळंब्या!" स्तेपांका किंचाळली.

"त्याला नजर असावी लागते," ह्रुबेश म्हणाला. हनुवटी गळ्यात गेली होती. "सगळे वर बघत चालतात. चर्च! मनोरे! मी म्हणतो, माणसाने खाली बघावं. चाळीस वर्षं मी रानात जातोय. मला कोणी शिकवू नये."

ड्रायव्हर मिरेक गर्दीतून पुढे आला. रेड्यासारखा माणूस, सबंध प्रवासात दोन वाक्यं बोललेला. त्याने एक अळंबी उचलली, उलटी केली, टोपीखालचा गुलाबीसर रंग उन्हात धरून बघितला. देठावरची काळपट जाळी अंगठ्याने घासली. मग चाकूने एक पापुद्रा काढून जिभेच्या टोकाला लावला.

"थू," मिरेक म्हणाला, आणि थुंकला.

"काय झालं?"

"कडू."

"कसली कडू!"

"कडवी अळंबी आहे. चाटून बघा."

आता, लिप्नातल्या सात वर्षांच्या पोरालाही हे ठाऊक असतं. कडवी दिसते हुबेहूब चांगलीसारखी. विष नसतं तिच्यात, पण एक जरी पडली तरी सगळी हंडी ओतून द्यावी लागते. म्हणून शंका आली की आधी जीभ लावायची. जो माणूस कडव्या गोळा करून घरी आणतो, त्याचं नाव गावात वीस वर्षं निघतं. ह्रुबेशने स्वतः एका शेजाऱ्याचं नाव एकवीस वर्षं काढलं होतं. आणि ह्याने, घाईत आणि आनंदात, एकीलाही जीभ लावली नव्हती.

चाळीस माणसांनी चाटून बघितल्या. थू. थू. थू थू. पार्किंगमध्ये पावसाची सर आल्यासारखं झालं. स्तेपांकानेही चाटली आणि त्या प्रवासात पहिल्यांदा गोडुलं नसलेलं काहीतरी म्हणाली.

"जमिनीचा दोष," ह्रुबेश म्हणाला. "ही सगळी जमीन समुद्रातून काढलेली. चांगल्या अळंब्याही कडू होतात इथे."

मिरेकने जाकीट कचरापेटीवर उलटं केलं, झटकलं आणि त्याच्या हातात दिलं.

तासभर बस चालल्यावर, गप्प राहणं अंगावर यायला लागलं तेव्हा ह्रुबेश म्हणाला, "मग? काय होतं तिथे? टाइलच ना?"

मिलुशेने तिकीट उलटं करून त्याच्या हातात दिलं. त्याने चष्मा लावला.

"तुझा पेपिक. मासे धरतोय."

"नीट बघ."

त्याने बघितलं. कागद लांब धरला, जवळ धरला. मान लाल व्हायला लागली, कॉलरपासून वर वर. "हे... आई, हे अश्लील आहे!"

"टोपी बघ," मिलुशे म्हणाली. "पाठ बघ. कोपरं बघ. कुठे पाहिल्यासारखी वाटतात?"

मागच्या सीटवरच्या बाईने मधल्या फटीतून आधीच बघितलं होतं. तिला कालची होडी ठाऊक होती. ती आणि तिचा नवरा त्या होडीत होते. तिने हात पुढे करून तिकीट अलगद काढून घेतलं, आणि मग ते गेलं. एका रांगेतून दुसऱ्या रांगेत, हातातून हातात, थेट शेवटच्या बाकापर्यंत, आणि हसू त्याच्यामागोमाग. परत येताना स्तेपांकाकडे आलं तेव्हा ती छत्रीच्या मुठीवर डोकं टेकून हमसून हमसून हसत होती. ह्रुबेश खिडकीकडे तोंड करून बसला होता. बाहेर नुसत्या गाई होत्या. गाईंबद्दलही तो काही म्हणाला नाही.

जर्मनीत बस थांबली. शौचालयापुढे लोखंडी फिरतं दार, त्यात नाणं टाकायची फट. सगळे ओळीने आत जात होते. ह्रुबेश लांब, कुंपणाकडे, झाडांकडे बघत उभा राहिला. एका पायावरून दुसऱ्या पायावर. पार्किंगमध्ये चाळीस माणसं हातात कॉफी घेऊन त्याच्याकडे बघत होती.

मिलुशेने पर्समधून अ‍ॅमस्टरडॅमचा नकाशा काढला. घडी उघडली. अजून उघडली. मग दोन्ही हातांत चादरीसारखा ताणून धरला.

"बाबा," ती म्हणाली, "ये. मी उभी आहे."

ह्रुबेशने खिशात हात घातला, नाणं काढलं, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि फटीत टाकलं.